खटक्याचा सांधा

जेवणाचा तीनपुडी डबा तुम्ही रोज पाहता. एकावर एक तीन पुडे असतात. बाजूला कडी असते. कडी अडकवून खटका दाबला की तिन्ही पुडे एकमेकांवर घट्ट बसतात. गाडीच्या गर्दीत डबा कलंडला तरी आमटी सहसा सांडत नाही. जेवायच्या वेळी खटका सोडला की डबा मोकळा. पाना नको, स्क्रू-ड्रायव्हर नको. म्हणून डबा रोज उघडतो आणि रोज घासला जातो.

आता अशी कल्पना करा की, या डब्याला खटक्याऐवजी आठ बोल्ट आहेत. जेवायच्या आधी आठ नट सोडायचे, जेवल्यावर आठ नट आवळायचे. असा डबा रोज कोण घासील? दोन दिवस घासील. तिसऱ्या दिवशी म्हणेल, "जाऊ द्या, उद्या बघू." आतले अन्न आंबेल, पण डबा उघडणार नाही.

कारखान्यात पत्र्याचे मोठे नळ असतात. कामगार त्यांना डक्ट म्हणतात. त्यांचेही असेच होते. नळ उघडायला सोपा असला तर तो वेळच्या वेळी साफ होतो. उघडायला कठीण असला तर तो तसाच राहतो. मग एखाद्या दिवशी त्याची फार मोठी किंमत द्यावी लागते. म्हणून हा सांधा कसा असावा, कोठे असावा, हे आपण समजून घेऊ.

नळ कशासाठी?

लाकडी सामानाचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला करवत चालते. दुसरीकडे रंधा मारण्याचे यंत्र आहे. तिसरीकडे पॉलिशपेपरने फळ्या घासण्याचे यंत्र आहे. भुसा उडतो, ढलप्या उडतात आणि पिठासारखी बारीक धूळ उडते. ढलपी डोळ्यांना दिसते. बारीक धूळ दिसत नाही, ती नाकातून आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे. तिने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत धरले. नाकाच्या आतल्या भागाचा कर्करोग या धुळीने होतो. तेव्हा ही धूळ उडाल्याबरोबर ओढून घेतली पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी पत्र्याचा टोप बसवतात. टोपापासून एक नळ निघतो. सगळे नळ झाडाच्या फांद्यांसारखे एका मोठ्या नळाला मिळतात. मोठ्या नळाच्या शेवटी धूळ गाळण्याची टाकी आणि ब्लोअर असतो. ब्लोअर हवा ओढतो, हवेबरोबर भुसा जातो.

लाकडाचा भुसा वाहून न्यायला नळातली हवा सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावावी लागते. म्हणजे ताशी ७० किलोमीटर! मोकळ्या रस्त्यावर एस. टी. गाडी पळते तो वेग. हा वेग कमी झाला की भुसा तळाशी बसू लागतो. नदीचे पाणी संथ झाले की गाळ बसतो ना, तसेच. गाळ बसतो तो वळणावर, दोन फांद्या मिळतात तेथे आणि लांबलचक आडव्या नळाच्या टोकाला. एकदा थोडा बसला की वाट अरुंद होते. ब्लोअरला हवा कमी मिळते. हवा कमी म्हणजे वेग कमी. वेग कमी म्हणजे आणखी गाळ. आणि बाहेरून तर काहीच दिसत नाही! नळ बाहेरून चकचकीतच असतो.

साखरेच्या धुळीने काय केले

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ नावाचे गाव आहे. तेथे इम्पीरियल शुगर कंपनीचा साखर शुद्ध करण्याचा मोठा कारखाना होता. ७ फेब्रुवारी २००८ रोजी तेथे साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. १४ कामगार मेले. कितीतरी भाजले.

साखर पेटते हे खेड्यातल्या बाईलाही ठाऊक आहे, चुलीत सांडलेली साखर कशी भुरकन् जळते ते तिने पाहिलेले असते. परंतु साखर फुटते, स्फोट होतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. बारीक धूळ हवेत उडालेली असली, जागा बंद असली आणि एक ठिणगी मिळाली, तर ती सगळी एका क्षणात जळते. हवा फुगते आणि भिंती उडवते. साखर, कणीक, हळद, लाकूड, कापूस, कोळसा, सगळ्यांचे हेच.

त्या कारखान्याची सरकारी चौकशी झाली. पहिला स्फोट साखर वाहून नेणाऱ्या बंदिस्त पट्ट्यात झाला, असे तीत दिसून आले. त्या हादऱ्याने जमिनीवर, तुळयांवर, यंत्रांवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ उडाली आणि तीही पेटली. एकामागून एक स्फोट होत गेले. त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. धूळ ओढून घेण्याची यंत्रणा नादुरुस्त आणि कामाच्या मानाने फार लहान होती. तिच्या नळांचे काही तुकडे साखरेच्या धुळीने अर्धवट, तर काही पूर्ण भरलेले सापडले. धूळ नेण्यासाठी बसवलेला नळच धुळीने बुजला होता! मग त्याच्या वाटची धूळ कोठे जाणार? कारखान्यातच राहणार.

नुसता सांधा बदलून हा अपघात टळला असता, असे मी म्हणणार नाही. तेथे पुष्कळ गोष्टी चुकल्या होत्या. पण आत डोकावता येत नाही असा नळ किती भरला आहे हे कोणालाही कळत नाही, एवढे यातून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, त्यातही पेट घेणारी धूळ साचू देऊ नये, असे ३७ व्या कलमात सांगितले होते. साचू देऊ नये म्हणजे काढली पाहिजे. काढायची तर नळ उघडला पाहिजे.

सांध्यांचे प्रकार

सगळ्यांत स्वस्त सांधा कोणता? एका नळाचे तोंड दुसऱ्यात खुपसायचे आणि रिव्हेट किंवा स्क्रू मारून वरून पट्टी चिकटवायची. हा सांधा एकदा केला की झाला. उघडायचा तर रिव्हेट कापावे लागतात. शिवाय स्क्रूची टोके आत डोकावतात. त्यांना ढलपी अडकते, ढलपीला भुसा अडकतो. जेथे नळ कधीच काढायचा नाही आणि आतून कोरडी स्वच्छ हवा जाते, तेथे हा चालतो. भुशाला चालत नाही.

दुसरा फ्लँजचा सांधा. नळाच्या तोंडाला लोखंडी कडे जोडलेले असते. दोन कडी समोरासमोर आणायची, मध्ये रबराचे पॅकिंग घालायचे आणि भोवती बोल्ट आवळायचे. हा सांधा बळकट. मोठ्या व्यासाच्या, जड नळाला हाच पाहिजे. छपराबाहेर उभा चढणारा नळ वर्षानुवर्षे काढावा लागत नाही, तेथेही हाच बरा. परंतु दर आठवड्याला उघडायचा म्हटले तर? शिडीवर उभे राहून, मान वर करून, एका हाताने बोल्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा! मग काय होते ते मिस्त्री आणि नव्या पोराच्या या बोलण्यावरून बघा.

"काय रे, आठ बोल्ट काढले होतेस ना? चारच लावलेस?"

"एक खाली पडला मिस्त्री, भुशात गेला. दोनांचे आटे गेलेत. आणि एक हाताला येत नाही. चार बी घट्ट बसलेत की!"

"चार बाजूंनी घट्ट आहे रे, मधून शिट्टी वाजतीय. ऐक जरा."

पोरगा कामचुकार नाही. सांधाच त्या कामाला योग्य नाही.

तिसरा प्रकार पट्ट्याचा. दोन नळांची तोंडे भिडवून वरून पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळतात आणि एक-दोन बोल्टांनी आवळतात. फ्लँजपेक्षा लवकर उघडतो, रिव्हेटपेक्षा पुष्कळच बरा. महिन्या-दोन महिन्यांनी उघडायच्या जागी हा पुरतो. पैसे कमी असले तर मी प्रथम याचाच विचार करीन.

चौथा आपला खटक्याचा. यात नळाचे तोंड कारखान्यातच बाहेर वळवून गोल ओठासारखे केलेले असते. भांड्याच्या काठाला वळण असते तसे. दोन ओठ एकमेकांना भिडवतात. त्यांच्यावरून एक खोबणीदार कडे बसवतात. कड्याच्या खोबणीत पॅकिंग असते. कड्याला खटका असतो. खटका दाबला की कडे आवळते आणि दोन्ही ओठांना एकमेकांकडे ओढते. डब्याच्या खटक्यासारखाच हा खटका मध्य ओलांडून पलीकडे जातो आणि तेथेच बसतो. उलट ओढल्याशिवाय सुटत नाही. तरीही यंत्राच्या थरथरीने तो सुटू नये म्हणून त्यात एक लहानशी पिन घालतात. ही पिन साखळीने बांधलेली असावी. सुटी पिन दोन दिवसांत हरवते.

या सांध्याचा आणखी एक मोठा गुण आहे, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकात एक खुपसलेला नळ काढायचा तर तो लांबीच्या दिशेने मागे ओढावा लागतो. पण मागे तर दुसरा नळ असतो! म्हणजे एक तुकडा काढण्यासाठी सगळी ओळ मोकळी करायची पाळी येते. ओठाला ओठ भिडवलेला नळ तसा नसतो. दोन्ही टोकांचे खटके उघडले की मधला तुकडा आडवा बाहेर येतो. फळीतली एक वीट काढावी तसा. घेण्याआधी विक्रेत्याला हे जरूर विचारा: "मधला तुकडा बाजूचे न हलवता निघतो का?" विक्रेता अडखळला तर प्रत्यक्ष काढून दाखवायला सांगा.

दूध डेअरीत स्टीलच्या नळ्यांना असेच कडे असते, त्याला पंखासारखा नट असतो आणि तो हातानेच फिरवतात. नळ्या वरचेवर उघडून आतून धुवाव्या लागतात म्हणून तेथे ही सोय केलेली असते. तो सांधा दुधासाठी, आपला हवेसाठी. युक्ती एकच.

कोठे कोणता?

सगळीकडे खटके लावावेत काय? नाही. खटका महाग असतो, आणि जितके सांधे जास्त तितक्या हवा चोरण्याच्या जागा जास्त. हातात खडू घ्या आणि कारखान्यातून एक फेरी मारा. वळणे, फांद्या मिळण्याच्या जागा, आडव्या नळाची टोके यांवर खुणा करा. यंत्र वरचेवर हलवावे लागत असेल तर त्याच्या टोपाजवळ खूण करा. वळणाच्या तुकड्याला भुसा सारखा घासतो, तो पत्रा सरळ नळाच्या आधी झिजतो. तोही लवकर बदलता आला पाहिजे. या खुणांच्या जागी खटके. बाकी ठिकाणी पट्टा किंवा फ्लँज.

मग नळातून काय जाते ते पाहा. पॅकिंग त्यावर ठरते. नायट्राइल रबर तेलाला टिकते, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. ज्याला ई.पी.डी.एम. म्हणतात ते रबर पाण्याला, वाफेला चांगले, पण तेलाने फुगते. लेथच्या तेलाचा धूर ओढायचा आणि पॅकिंग ई.पी.डी.एम.चे, असे झाले तर थोड्याच दिवसांत पॅकिंग बोळ्यासारखे होईल. जास्त उष्ण हवेला सिलिकॉनचे, ते सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचीही उष्णतेची मर्यादा जवळपास तेवढीच. त्यापुढे पत्राच बदलावा लागेल. पीठ, मसाला, साखर यांच्या नळाला खाण्याच्या पदार्थांना चालणारे पॅकिंग मागा. ओलसर माल असला तर स्टेनलेस स्टीलचा नळ घ्या.

सांधा गळतो म्हणजे काय होते, तेही नीट समजून घ्या. ब्लोअरच्या आधीच्या नळात ओढ असते. तेथे फट राहिली तर धूळ बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. माणसाला वाटते, सगळे ठीक आहे. पण ती हवा करवतीच्या टोपातून यायला हवी होती! करवतीपाशी ओढ कमी पडते आणि करवतीवरच्या माणसाच्या नाकात धूळ जाते. ब्लोअरच्या पुढच्या नळात दाब असतो. तेथल्या फटीतून मात्र धूळ बाहेर उडते. फट शोधायला ओढीच्या बाजूला पातळ कागदाची पट्टी किंवा दोरा सांध्याभोवती फिरवा. फट असेल तेथे तो चिकटेल. कोणी उदबत्तीचा धूर धरायला सांगतात. भुशाच्या कारखान्यात उदबत्ती पेटवू नका, दुसरे काय सांगू!

वजन आणि वीज

खटका हातासरशी उघडतो, हा त्याचा गुण. पण तेथेच एक धोकाही आहे. थोडा हिशोब करू. सहा इंच व्यासाचा, पाच फूट लांब नळ घ्या. पत्रा ०.८ मिलिमीटर जाड. रिकामा असताना त्याचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते. त्याच्या पोटात २७ लिटर जागा असते. आत साखरेची धूळ ठासून बसली तर पंधरा-वीस किलो सहज वाढतात. आठ बोल्टांचा सांधा हळूहळू सैल होतो, माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. खटका एका झटक्यात सुटतो. डोक्यावरच्या नळाला स्वतःचा आधार नसला तर तो झोके घेत खाली येईल. म्हणून निघणाऱ्या प्रत्येक तुकड्याला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तुकड्यांनाही छताला टांगलेला वेगळा आधार पाहिजे. सांध्यावर वजन टाकू नये. सांध्याचे काम धरून ठेवण्याचे आहे, उचलून धरण्याचे नव्हे. खटका उघडण्याआधी नळावर बोटांनी टिचकी मारा. रिकामा नळ खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तर दुसरा माणूस बोलवा.

दुसरी गोष्ट विजेची. भुसा पत्र्याला घासत धावतो, तेव्हा वीज साठते. थंडीत लोकरीचे कपडे काढताना चटचट ठिणग्या दिसतात, तीच ही वीज. नळ सगळीकडून लोखंडाला लोखंड लागून जमिनीशी जोडलेला असेल, तर ती निघून जाते. पण सांध्यात रबराचे पॅकिंग आले की वाट अडते. एकेक तुकडा सुटा राहतो आणि वीज साठवतो. पुढे एखाद्या वेळी ठिणगी पडते, आणि आत तर धूळ भरलेलीच असते. तेव्हा खटक्याचा सांधा घेताना विचारा, यातून वीज पार जाते का? काही कड्यांत धातू ओठाला लागतो आणि वीज जाते. जात नसेल तर सांध्यावरून तांब्याची वेणी एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत जोडावी लागते. साफसफाईनंतर ही वेणी परत लावायची राहून जाते, असे फार वेळा घडते. वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. प्लॅस्टिकचा नळ स्वस्त आणि हलका मिळतो, पण भुशासाठी, पिठासाठी त्याच्या नादी लागू नका. त्याच्या भिंतीतून वीज जमिनीकडे जातच नाही.

उघडताना

पहिली गोष्ट, यंत्रे बंद. मग ब्लोअर बंद. बटण दाबले म्हणजे झाले नाही, मुख्य स्विचला कुलूप घालायचे आणि किल्ली ज्याचे हात नळात जाणार त्याच्या खिशात. ब्लोअरचा पंखा बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतो, तो थांबू द्या. नळ कोठे गरम लागतो का ते बाहेरून हात लावून पाहा. गरम लागला तर उघडू नका. आत भुसा धुमसत असेल आणि खटका उघडताच त्याला हवा मिळेल. लगेच आग विझवणाऱ्या माणसाला बोलवा.

नळ निघाल्यावर आतला भुसा दाबाच्या हवेने फुंकू नका. पुष्कळ ठिकाणी एअर लाइन हाताशी असते, म्हणून सर्रास फुंकतात. फुंकले की धुळीचा ढग होतो, आणि ढग म्हणजे काय ते आपण वर पाहिले. मऊ कुंच्याने हळूच पोत्यात ओढा, किंवा धुळीसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने काढा. ओठावर भुशाचा एक कण राहिला तरी सांधा तेथे उघडा राहतो, म्हणून कपड्याने ओठ पुसा. पॅकिंगवरून बोट फिरवा. चीर पडली असेल, कडक झाले असेल तर त्याच वेळी बदला. मग ओठाला ओठ भिडवा, कडे बसवा, खटका दाबा. खटका दाबायला हातोडी लागत असेल तर काहीतरी वाकडे बसले आहे. पुन्हा काढा आणि पुन्हा लावा. आणि अगदी अलगद बसत असेल तर कडे सैल झाले आहे, त्याचा स्क्रू थोडा आवळा. शेवटी पिन, आणि तांब्याची वेणी.

नळ घेतानाच प्रत्येक मापाची दोन कडी आणि चार-सहा पॅकिंगे जादा घ्या. कारखान्यात शक्यतो दोन-तीनच मापांचे नळ ठेवा. सात मापांचे नळ ठेवले तर नेमके नको त्या मापाचे पॅकिंग हाताला येते. जादा सामान कुलपाच्या खोलीत नको, शिडीजवळच्या पेटीत हवे. पेटीवर मापे लिहा. आणि ज्या तुकड्याची सफाई झाली त्याच्या पोटावर तारीख रंगाने किंवा खडूने लिहा, खालून उभ्या माणसाला वाचता येईल एवढ्या ठसठशीत अक्षरांत.